पंधरावं बटण

सुगंधा पाताडेला इंग्रजी येत नाही, असं तिच्या घरात सगळे धरून चालत. ती स्वतःही धरून चालत होती. बारावी कॉमर्स, त्यानंतर भांडुपमधल्या एका कुरिअरच्या ऑफिसात एकोणीस वर्षं पाकिटांवरची नावं आणि पिनकोड कॉम्प्युटरात भरायचं काम, आणि एके दिवशी ते ऑफिसच बंद. एवढंच तिचं चरित्र झालं असतं. पण त्रेपन्नाव्या वर्षी या बाईला आनंदाचे चौदा इंग्रजी शब्द असे पाठ झाले, की बोट लावाल त्या चेहऱ्याला ती शब्द सांगायची आणि तो बरोबर निघायचा. आणि त्याच चौदा शब्दांनी तिच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न, मुहूर्ताला बावीस दिवस उरले असताना, तिच्यासमोर आणून आपटलं.

आधी काम काय होतं ते सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अंधेरीला एमआयडीसीत, जिथं पूर्वी प्लास्टिकच्या बाहुल्या बनायच्या त्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, एका कंपनीला यंत्राला माणसाचा चेहरा वाचायला शिकवायचं होतं. यंत्राला कशाला वाचता यायला हवा चेहरा, असं सुगंधानं पहिल्याच दिवशी विचारलं. उत्तर मिळालं नाही, खुर्ची मिळाली. समोरच्या पडद्यावर सहा सेकंदांचा व्हिडिओ येतो. एकच चेहरा. आवाज नाही. खाली चौदा बटणं, प्रत्येकावर एक शब्द, सगळे आनंदाच्या गोत्रातले: हॅपी, कंटेंट, डिलाइटेड, इलेटेड, रिलीव्ह्ड, प्राउड आणि असेच पुढे. लागू पडेल तो दाबायचा, पुढचा चेहरा बोलवायचा. दिवसाला सहाशे चेहरे. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, करड्या रंगाचं पंधरावं बटण होतं. नन ऑफ दीज. यातलं काही नाही.

पहिल्या आठवड्यात सुगंधानं सगळ्या जगाला हॅपी करून टाकलं. नवरदेव हॅपी, बक्षीस मिळालेला मुलगा हॅपी, हॉस्पिटलातून घरी निघालेला म्हातारा हॅपी.

"सुगंधाताई," सुपरवायझर रुचिरा म्हणाली, "चौदा शब्द दिलेत, तुम्ही एकावरच संसार करताय."

रुचिरा एकोणतीस वर्षांची, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. पण मनानं बरी. तिनं शब्दांचे अर्थ छापून दिले. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच दिला होता आणि तोही पुन्हा दुसऱ्या इंग्रजी शब्दावर टेकलेला. शेवटी सुगंधानं स्वतःची वही केली. भाषांतर करायच्या फंदात ती पडली नाही. प्रत्येक शब्दासमोर तिनं एक प्रसंग लिहिला.

कंटेंट: दुपारचे तीन, भांडी झाली, दाराला कडी, पंखा चालू, कुणी हाक मारत नाही.

डिलाइटेड: भाऊ न कळवता गावाहून दारात, हातात फणस.

इलेटेड: पाय जमिनीवर नाहीत. प्रांजलचा दहावीचा निकाल, मी चप्पल न घालता नाक्यापर्यंत गेले होते.

अम्यूज्ड: मोठ्या जाऊबाईंचा केक फसला तेव्हा मी.

रिलीव्ह्ड: यांचा बायोप्सीचा रिपोर्ट चांगला आला. हसू नंतर येतं, आधी खांदे खाली येतात. श्वास सुटतो. डोळे एकदा मिटतात.

एक्स्टॅटिक, म्हणजे आनंदानं देहभान हरपलेलं, या शब्दासमोर बराच काळ रिकामं होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या प्रियंकानं एकदा वही ओढून तिथं लिहिलं, "काकी अजून ट्राय करतायत." प्रियंका पंचविशीची, भांडुपचीच, पण टेकडीच्या पलीकडच्या बुद्धविहाराजवळची. तिचे आजी-आजोबा अकोल्याहून आलेले. नोकरीत नवी, जीभ जुनी. सुगंधा तिच्यावर रागावायची आणि डब्यातलं सगळ्यात मोठा वडा तिलाच द्यायची.

वही लागू पडली. दोन महिन्यांत सुगंधा ऑफिसात सगळ्यात अचूक ठरली, आणि चौथ्या महिन्यात तिला मतभेदांवर शेवटचा शब्द देण्याचा मान मिळाला. जवळच्या माणसाला मात्र हे सांगावं तर पटायचं नाही. तिचा नवरा जयवंत एका हॉस्पिटलात इलेक्ट्रिशियन. तो म्हणायचा, "म्हणजे तू दिवसभर लोकांची तोंडां बघतंस?" ती म्हणायची, "हो. आणि तुमचं घरी येऊन बघते." संपलं बोलणं.

मग कंपनीला घरगुती समारंभांचे व्हिडिओ हवे झाले. आपल्याकडच्या लोकांचे, आपल्या कपड्यांतले. ज्याच्याकडे असतील त्यानं द्यावेत, व्हिडिओत असलेल्या प्रत्येकाची सही घ्यावी, आणि प्रत्येक चेहऱ्याला आपल्या मते लागू होणारा शब्द लिहून द्यावा. सुगंधाकडे ताजा, देखणा, खात्रीचा माल होता. प्रांजलचा साखरपुडा.

प्रांजल सव्वीस वर्षांची, मुलुंडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. मुलगा सुबोध, दहिसरचा, एका बँकेत. माणसं मूळची कुडाळकडची, म्हणजे अगदी आपल्यातली. साखरपुडा भांडुपलाच झाला, छोट्या हॉलमध्ये, आणि त्याचा व्हिडिओ सुगंधानं तीस-चाळीस वेळा तरी पाहिला असेल. सनईसकट, टाळ्यांसकट, "नाव घे, नाव घे" या गलक्यासकट. प्रत्येक वेळी तिचे डोळे भरून येत. प्रांजलनं सहीच्या कागदावर न वाचता सही केली. दहिसरच्या मंडळींनीही हसत हसत केल्या. सुबोध तर म्हणाला, "काकी, आमचा चेहरा यंत्राला आवडला का ते सांगा हं."

सुगंधानं तीन चेहरे निवडले. मुलगी, जावई, आणि बाजूला ओटीचं ताट घेऊन उभी असलेली जांभळ्या साडीतली मुलीची आई. तिघांसमोर लिहिलं: इलेटेड. न लिहायला काय झालं? साखरपुडा होता!

अशी चूक करायला माणूस मुलीची आईच असावं लागतं.

व्हिडिओ नागपूरच्या शाखेला गेले. नियमच तसा होता: अंधेरीचे चेहरे नागपूरनं बघायचे, नागपूरचे अंधेरीनं, म्हणजे ओळखपाळख आड येत नाही. तिकडची तीन माणसं प्रत्येक चेहरा वेगवेगळा बघणार, एकमेकांना न विचारता. देणाऱ्याशी त्यांचं पटलं तर विषय मिटला. तिघांपैकी एक जण जरी देणाऱ्याच्या विरुद्ध गेला, तर तो चेहरा 'मतभेद' म्हणून शुक्रवारी चार वाजता भिंतीवर लागायचा. सगळ्यांनी मिळून बघायचं, आणि शेवटचा शब्द सुगंधाताईंचा.

त्या शुक्रवारी चहा आला होता, बिस्किटं आली होती. यादीत आठ चेहरे होते. सहा झाले. मग सातवा.

भिंतीवर चार फूट उंचीची प्रांजल उभी राहिली. मोतिया साडी, केसांत अबोली, कपाळावर थोडंसं पुसलेलं कुंकू.

सुगंधाला आधी अभिमान वाटला. खरंच. केवढी गोड दिसते, असंच मनात आलं. मग तिनं चेहऱ्याखालची ओळ वाचली. देणाऱ्याचा शब्द: इलेटेड. नागपूर, पहिला: नन ऑफ दीज. नागपूर, दुसरी: नन ऑफ दीज. नागपूर, तिसरा: नन ऑफ दीज.

"बरोबर आहे ना!" प्रियंका खुर्चीतून पुढे झुकली. ती काही सुगंधाच्या घरी कधी आली नव्हती, तिला काय ठाऊक. "बघा बघा, ओठ कसे टाचणीनं लावल्यासारखे. आणि डोळे? अगं बाई, ही दरवाजा शोधतेय! पळायच्या बेतात आहे बिचारी. आणि देणाऱ्यानं लिहिलंय इलेटेड. कुणी दिलाय यार हा? चष्मा द्या रे त्याला कुणीतरी."

सगळे हसले. रुचिरासुद्धा.

"पुन्हा लाव," सुगंधा म्हणाली.

पुन्हा लागला. सनई नाही, टाळ्या नाहीत. गाणं लागलं की दगडही आनंदी दिसतो, म्हणून तर इथं आवाज बंद ठेवतात. हे तिला कामावर माहीत होतं. घरी माहीत नव्हतं.

"अजून एकदा."

खरं हसू आधी डोळ्यांखाली उमटतं, ओठ मागून येतात. हे हजारो चेहऱ्यांवरून ती शिकली होती. भिंतीवरच्या मुलीचे ओठ आधी तयार झाले. मग तिचे डोळे डावीकडे गेले, तिथं क्षणभर थांबले, परत आले, आणि तेव्हा कुठं तिनं ते हसू आणखी थोडं रुंद केलं. ढोबळी मिरची निवडताना बाई जशी वरची साल चमकते का बघते, तसं सुगंधानं ते हसू सगळीकडून फिरवून पाहिलं. कुठंच काही मिळालं नाही. आणि डावीकडे काय होतं हे त्या खोलीत फक्त तिलाच माहीत होतं. दरवाजा नव्हता तिकडे. तिकडे ओटीचं ताट घेऊन ती स्वतः उभी होती.

"सुगंधाताई, शेवटचा शब्द?" रुचिरा म्हणाली.

म्हणता आलं असतं इलेटेड. कोण विचारणार होतं? पण इतके महिने ही बाई दुसऱ्यांच्या मुलींना न्याय देत आली होती.

"पंधरा," ती म्हणाली.

रुचिरानं बटण दाबलं. आठवा चेहरा लागला, आणि खोलीतला चहा पिण्याचा आवाज बंद पडला. जांभळी साडी, ओटीचं ताट. नाकातली मोरणी चार फुटांवरून लखलखत होती. देणाऱ्याचा शब्द: इलेटेड. नागपूर, तिघंही: रिलीव्ह्ड.

भिंतीवरच्या बाईचे खांदे खाली आले. श्वास सुटला. डोळे एकदा मिटले. हसू त्यानंतर आलं.

वहीत लिहिलं होतं अगदी तसंच. बायोप्सीच्या रिपोर्टासारखं.

"काकी..." प्रियंकाचा चेहरा कागदासारखा झाला होता. "काकी, मघाची ती म्हणजे... आईशप्पथ, मला नव्हतं माहीत."

"तू बरोबर बोललीस," सुगंधा म्हणाली. "नुसता दरवाजा चुकला तुझा." आणि पर्स उचलून ती निघाली. शिफ्ट संपायला दीड तास होता. कुणी अडवलं नाही.

लिंक रोडनं भांडुपला येणारी बस पवईपाशी नेहमीसारखी तुंबली. सुगंधाच्या डोक्यात एवढंच फिरत होतं, की तीन परक्या माणसांना सहा सेकंदांत दिसलं ते मला सव्वीस वर्षांत कसं दिसलं नाही? माणसं म्हणतात, आईला सगळं कळतं. काहीही म्हणतात.

प्रांजल साडेसहाला आली. सुगंधा गॅसपाशी कुळथाची पिठी ढवळत होती. कसं विचारायचं याची तिनं बसमध्ये चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"तुला सुबोध आवडत नाही?"

प्रांजल एका पायातली चप्पल काढून तशीच उभी राहिली. "कोण म्हणालं?"

"नागपूरची तीन माणसं."

"काय? कुठली माणसं? आई, बरं वाटतंय ना तुला?"

सुगंधानं सांगितलं. मग मोबाइल काढला, आवाज पूर्ण खाली केला आणि तेवढा तुकडा लावून मुलीच्या हातात दिला. प्रांजलनं तो एकदा पाहिला. दुसऱ्यांदा अर्धाच पाहिला.

"बंद कर."

"पितो का तो?"

"नाही गं."

"काही बोलला? त्याची आई काही म्हणाली? नोकरी सोड म्हणाले का?"

"नाही, कुणी काही नाही म्हणालं. हेच तर आहे ना, आई. चांगला मुलगा आहे. रोज फोन करतो. जेवलीस का विचारतो. मी म्हणते, जेवले. मग तो गप्प, मी गप्प. मग म्हणतो, चल, ठेवू का. मला हायसं वाटतं. माझ्याकडे नाही म्हणायला कारणच नव्हतं. कारण लागतं ना तुम्हाला?"

"मग हो कशाला म्हणालीस?"

प्रांजलनं दुसरी चप्पल काढली, दोन्ही जागेवर ठेवल्या. "तुला मोकळं करायला."

"म्हणजे?"

"एकदा हिचं झालं की मी मोकळी. कोण म्हणतं हे? मी कॉलेजात होते तेव्हापासून ऐकतेय. मावशीला सांगतेस, भाजीवालीला सांगतेस, परवा गॅसवाल्याला सांगत होतीस. म्हटलं, करून टाकू हिला मोकळी. आणि साखरपुड्याला सारखी बघत होते तुझ्याकडे. खांदे असे खाली आले होते तुझे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, चला, निदान एकीचं काम झालं."

पिठी तळाला लागल्याचा वास आला. दोघींपैकी कुणीही गॅस बंद केला नाही.

"अगं, ते बोलायची पद्धत असते," सुगंधा म्हणाली. "सगळ्याच बायका म्हणतात."

"हो. सगळ्याच मुली ऐकतात."

आता इथं एखादी शहाणी आई मुलीला जवळ घेती. सुगंधा घाबरली होती, आणि घाबरलेलं माणूस बोलू नये ते बोलतं. तीही बोलली. "लग्नानंतर होतं गं सगळं नीट. आमचं काय आधी होतं? मागून येतंच ना."

"आलं?" प्रांजलनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं.

सुगंधानं कपाटाकडे पाहिलं. लग्नाचा अल्बम वरच्या खणात होता. तो काढून स्वतःच्या चेहऱ्याला बटण लावायला एक मिनिट पुरलं असतं. तिनं काढला नाही. एका दिवसाला एवढं पुरे होतं. तिनं गॅस बंद केला, जळकं पातेलं सिंकमध्ये ठेवलं आणि मुलीला म्हणाली, "अंडी आण चार. आणि तुझ्या पप्पांना मी सांगते. तू मधे बोलू नकोस."

जयवंत सकाळी ड्यूटीवरून आला, आंघोळ करून चहाला बसला, तेव्हा तिनं सांगितलं. सरळ, एका दमात. जयवंत चिडेल याची तिनं तयारी ठेवली होती. तो चिडलाच नाही. बशीतला चहा कपात परत ओतला. तीस वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं.

"हॉल ठरलोसा," तो म्हणाला. ऑफिसात, गाडीत, शेजारीपाजारी तो मुंबईचं मराठी बोलायचा. धक्का बसला की कणकवली बाहेर यायची. "पत्रिका वाटून झाल्यो. आता लोकांका काय सांगूचा?"

"लग्न रद्द झालं म्हणून सांगायचं."

"आणि देवाक?"

इथं मात्र सुगंधानं हातातला कप खाली ठेवला. लोकांचं तिला फारसं काही नव्हतं. पण पहिली पत्रिका गावी ग्रामदेवतेपुढं ठेवली होती. जयवंतचा चुलतभाऊ मार्तंड, तो गावचं सगळं बघतो. त्यानं पानविडा ठेवून सगळ्या भावकीच्या साक्षीनं गाऱ्हाणं घातलं होतं, की पोरीचं कार्य निर्विघ्न पार पाड. देवापुढं एकदा शब्द टाकला की तो टाकला. हॉलवाला परत घेतो, देव घेतो की नाही, याचा पाताड्यांच्या सात पिढ्यांत कुणी अनुभव घेतलेला नव्हता.

जयवंतनं पोरीच्या बंद खोलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "रडत होती?"

"नाही. झोपलीय. कालपासून मेल्यासारखी झोपलीय."

"हं." त्यानं मोबाइल पुढे सरकवला. "मार्तंडाक फोन लाव. नवीन गाऱ्हाणां घालूक सांग. म्हणावां, कार्य पार पडलां. आमका समजाचा ता समाजलां."

सुगंधा नवऱ्याकडे बघतच राहिली. याच्या चेहऱ्यावर कुठलं बटण, हे तिला लावता आलं नाही. चौदातलं तर नक्कीच नव्हतं. पंधरावंही नव्हतं.

रविवारी मायलेकी दहिसरला गेल्या. जयवंत येतो म्हणत होता, सुगंधानं नको म्हटलं. अंगठी डबीत, साखरपुड्याची साडी नीट घडी करून पिशवीत, वर एक नारळ. नारळ परत द्यायचा असतो की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून नवीन घेतला.

सुबोधचं घर नदीजवळच्या एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर होतं. पूर्वी तिथंच त्यांची चाळ होती. दार त्याच्या आईनं उघडलं. सुनंदाबाई हसतमुख, कडक इस्त्रीच्या. "अगं बाई, विहीणबाई! फोन नाही, काही नाही. या या. प्रांजल, तू बारीक झालीस गं." मग त्यांना पिशवीतली साडी दिसली. ओळखली. हसू चेहऱ्यावरच राहिलं आणि बाई मात्र मागे सरकल्या.

सुगंधानं पाणी यायच्या आत सांगून टाकलं.

"का?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"मुलीच्या मनात नाही."

"आता कळलं? बावीस दिवस राहिल्यावर?"

"वीस," सुबोध म्हणाला. तो आतल्या खोलीच्या दारात केव्हा येऊन उभा राहिला, कुणाला कळलंच नाही.

"माझ्या मुलात काय खोट काढलीत?"

"एकही नाही."

"मग?"

"मग काहीच नाही, सुनंदाताई. चूक माझी आहे. माझ्या कामावर तो साखरपुड्याचा व्हिडिओ..." आणि सुगंधानं सगळं सांगितलं, कारण खोटं कारण शोधायला तिला दोन दिवसांत वेळ मिळाला नव्हता.

सुनंदाबाईंचा आवाज चढला. "म्हणजे ऑफिसातल्या मशीननं लग्न मोडलं? माणसं आहात की कोण आहात? मशीन सांगतं म्हणून..."

"मशीन नाही हो. नागपूरची तीन माणसं. आणि चौथी मी."

"बाहेर जाऊन सांगून बघा हे कुणाला! लोक हसतील तुम्हाला."

"हसतील."

"आमचंही हसं करतील त्याचं काय?"

प्रांजल पुढे झाली, अंगठीची डबी तिनं टेबलावर ठेवली आणि सुबोधकडे बघून म्हणाली, "मी आधी सांगायला हवं होतं. सॉरी."

सुबोधनं खिशातून मोबाइल काढला. "माझ्याकडे आहे तो व्हिडिओ," तो म्हणाला. खुर्ची ओढून बसला, आवाज बंद केला आणि सुरुवातीपासून बघायला लागला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज नवव्या मजल्यापर्यंत येत होता. त्यानं मधेच थांबवून एकदा मागं नेलं. पुन्हा पाहिलं. मान हलवली, स्वतःशीच.

"दिसतंय," तो म्हणाला.

"काय दिसतंय तुला? डोंबल?" त्याची आई म्हणाली.

"दिसतंय गं, आई." मग त्यानं मोबाइल सुगंधापुढे धरला. पडद्यावर त्याचाच चेहरा थांबवलेला होता. "काकी, माझाही चेहरा पाठवला होतात ना? त्याला काय आलं? मतभेद?"

दोन दिवस ती मुलीचा चेहरा आणि स्वतःचा चेहरा घेऊन बसली होती. तिनं तीन चेहरे पाठवले होते. तिसरा शुक्रवारच्या आठांत नव्हताच, आणि का लागला नाही हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

साखरपुडा ठरल्यापासून ती त्याला जावई म्हणून अहो-जाहो करत होती.

"नाही, बाळा," ती म्हणाली. "तुझ्यावर मतभेद झाला नाही. मी लिहिलं तेच तिघांनी लिहिलं."

"काय लिहिलं?"

"इलेटेड."

"म्हणजे एक्झॅक्टली काय? हॅपीच ना?"

"हॅपीच्या पुष्कळ वर." तिला वहीतलं वाक्य आठवलं, आणि दुसरं काही सुचलं नाही. "म्हणजे पाय जमिनीवर नसतात."

सुबोधनं स्वतःच्या थांबवलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला, डबीच्या शेजारी. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि दोन ग्लास पाणी घेऊन आला, कारण त्या दोघी भर उन्हाच्या आल्या होत्या आणि त्यांना अजून कुणी पाणी दिलेलं नव्हतं.

सुगंधा ते सगळं प्यायली. ग्लास खाली ठेवेपर्यंत तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर शब्द आला असता, आणि तो तिला नको होता.

खाली गेटपाशी रिक्षा मिळेना. प्रांजल नारळ हातात घेऊन उभी होती. सुनंदाबाईंनी साडी ठेवून घेतली, नारळ तेवढा परत दिला होता. ऊन चेहऱ्यावर येत होतं म्हणून प्रांजलनं डोळे बारीक केले होते, नाकाचा शेंडा लाल होता, आणि ती एकाच वेळी रडत होती, श्वास सोडत होती आणि नारळ कानाशी हलवून पाणी आहे का बघत होती.

"आई," ती म्हणाली, "आत्ता माझ्यावर कुठलं बटण?"

"आज रविवार आहे," सुगंधा म्हणाली. "मी कामावर नाही. हात कर त्या रिक्षाला."